अपघात झालेली जुनी गाडी घेताना: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी गाडी बघायला निघालेल्यांकडून येणाऱ्या प्रश्नांपैकी बहुतेक शेवटी एकाच ठिकाणी येतात: गाडी ठोकलेली आहे की नाही, आणि असेल तर घ्यावी का. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. गाडी बघायला जाण्याआधी प्रश्न ३ ते ८ नक्की वाचा. टोकन दिल्यानंतर त्यांचा फारसा उपयोग होत नाही.

१. ठोकलेली गाडी अजिबात घ्यायची नाही, असंच ना?

नाही. गाडी ठोकली होती एवढ्यावरून काहीच ठरत नाही. मार कुठे बसला आणि दुरुस्ती कशी झाली, यावर ठरतं. रोज सिग्नलला थांबत चालणाऱ्या गाडीचा मागचा बंपर एकदा तरी बदललेला असतोच, आणि अशा गाडीला घाबरायचं कारण नाही. पुढच्या चॅसिस लेगवर (इंजिनच्या दोन्ही बाजूंना असलेल्या तुळया) किंवा पिलरवर (छप्पर तोलणारे खांब) मार बसलेली गाडी मात्र वरून कितीही चकचकीत असली तरी वेगळीच गोष्ट आहे. दुसरी कसोटी मालकाच्या बोलण्याची. "समोरून ठोकली होती, हे बिल, हे फोटो" असं आपणहून सांगणाऱ्याची गाडी "एकदम नॉन-ॲक्सिडेंटल" म्हणणाऱ्याच्या गाडीपेक्षा बऱ्याचदा चांगली निघते.

२. "फक्त बंपर गेला होता" असं सगळेच म्हणतात. किरकोळ आणि गंभीर यांत रेषा कुठे ओढायची?

बोल्टने बसवलेला भाग आणि वेल्डिंगने जोडलेला भाग, ही ती रेषा. बंपर, पुढचे फेंडर, बोनेट, दरवाजे, डिकीचं झाकण, हेडलाइट हे सगळं बोल्टवर असतं. ते बदललं म्हणून गाडीची ताकद कमी होत नाही. अनेक छोट्या गाड्यांत रेडिएटरचा सपोर्टही बोल्टवरच असतो.

चॅसिस लेग, एप्रन (बोनेटखाली चाकावरचा आतला पत्रा), सस्पेन्शनचा टॉवर, फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली भिंत), पुढून मागे ए-बी-सी पिलर, दरवाज्याखालचा रनिंग बोर्ड, छप्पर आणि डिकीची जमीन हे भाग वेल्डिंगने जोडलेले असतात. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांना वेगळी चॅसिस नसते, हा सांगाडा म्हणजेच गाडी. धडकेत कुठला भाग चुरगळायचा आणि कुठला ताठ राहायचा हे कारखान्यात ठरलेलं असतं. पिलरमध्ये जास्त ताकदीचं पोलाद वापरतात. ते गॅसकटरने तापवून ठोकून सरळ केलं तर आकार परत येतो, ताकद येत नाही. म्हणून पिलर, छप्पर किंवा फायरवॉलला हात लागलेली गाडी सोडून द्या, भाव कितीही पडला तरी.

बोलेरो, स्कॉर्पिओ, थार, इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर यांना शिडीसारखी वेगळी फ्रेम असते. तिथे खालून फ्रेमवरच्या घड्या, नवं वेल्डिंग आणि फ्रेमच्या ठरावीक भागालाच मारलेला ताजा काळा रंग बघा.

३. गाडी बघायला कधी आणि कुठे जावं?

दिवसा, उघड्यावर, आणि गाडी कोरडी असताना. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये किंवा स्टिल्टखाली ट्यूबलाइटच्या उजेडात रंगातला फरक दिसत नाही, आणि नुकत्याच धुतलेल्या ओल्या गाडीवर तर काहीच दिसत नाही. सकाळी नऊच्या सुमारास तिरप्या उन्हात गाडीच्या मागच्या कोपऱ्याशी उकिडवे बसा आणि बाजूने पुढपर्यंत नजर फिरवा. पत्रा ठोकून पुट्टी भरलेली असेल तर इमारतीचं प्रतिबिंब तिथे लाटेसारखं हलतं. विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा की इंजिन थंड हवं आणि गाडी लिफ्टवर चढवून बघायची आहे. लिफ्टला जो नकार देतो त्याच्याकडे जाण्याचा पेट्रोलखर्च वाचवा.

४. मला मेकॅनिकचं काही कळत नाही. तरी स्वतः काय बघू शकतो?

बरंच काही. टॉर्च, छोटं लोहचुंबक आणि अर्धा तास एवढं पुरे.

आधी फटी. बोनेट-फेंडर, दरवाजा-पिलर, डिकी-मागचा पत्रा या फटी डाव्या-उजव्या बाजूला सारख्या हव्यात. एकीकडे करंगळी जाते आणि दुसरीकडे नख, तर काहीतरी हललेलं आहे.

मग बोनेट उघडा. फेंडर आणि बोनेटच्या बिजागरीचे बोल्ट बघा. कारखान्यात बोल्टवर बॉडीच्याच रंगाचा सलग थर असतो. पाना लागला की कडा खरवडतात आणि धातू दिसू लागतो. एप्रनवर कारखान्याचे स्पॉट वेल्ड बघा: सारख्या अंतरावर, बटणाएवढे गोल खळगे. त्या जागी सलग ओबडधोबड वेल्डिंग, ग्राइंडरचे ओरखडे किंवा ब्रशने फासलेला सीलंट दिसला तर तो भाग कापून जोडलेला आहे. कारखान्याचा सीलंट एकसारखा असतो. दोन्ही बाजूंचे एप्रन आलटून-पालटून बघून तुलना करा. एकच बाजू बघून अनुभवी माणूसही फसू शकतो.

दरवाजे उघडून चौकटीचं रबरी बीडिंग मालकाच्या परवानगीने थोडं ओढून काढा. आतल्या कडेवर तेच गोल स्पॉट वेल्ड रांगेत हवेत. डिकीतली स्टेपनी बाहेर काढून खालचा खळगा बघा. मागून मार बसलेला असेल तर इथे घड्या, ताजा रंग किंवा साचलेलं पाणी सापडतं. मागचा बंपर आणि डिकीचं झाकण बदलून काम चकाचक करतात, पण स्टेपनीखालच्या पत्र्याकडे कोणी फारसं बघत नाही.

काचा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह आणि वर्षाचा कोड असतो. सगळ्या काचा एकाच कंपनीच्या आणि गाडीच्या वर्षाशी जुळणाऱ्या हव्यात. पुढची काच दगड लागूनही फुटते, तिच्यावरून लगेच निष्कर्ष काढू नका. दरवाज्याची किंवा मागची काच वेगळी असेल तर त्या बाजूच्या पत्र्याची दुप्पट तपासणी करा.

एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना पुढच्या काचेवर आतून नोंदणीचं स्टिकर असतं (पेट्रोल-सीएनजीला निळं, डिझेलला नारिंगी). ते काढायला गेलं की फाटतं. स्टिकर नसेल तर काच कधी आणि का बदलली, हे विचारा. पुढची नंबरप्लेट साधी आणि मागची हाय सिक्युरिटी असेल, तर तेही विचारा.

चुंबक पातळ कपड्यातून पत्र्यावर फिरवा. जाड पुट्टीवर पकड ढिली पडते. प्लास्टिकच्या बंपरवर हा प्रयोग करू नका.

५. पेंट मीटरवर किती रीडिंग आलं म्हणजे गाडी रंगवलेली?

पेंट मीटर म्हणजे रंगाच्या थराची जाडी मोजणारं यंत्र. आधी छपरावर चार ठिकाणी मोजा, कारण छप्पर सहसा रंगवलेलं नसतं. तो त्या गाडीचा मूळ आकडा. कारखान्याचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन येतो. २०० ते ३०० आलं तर पुन्हा रंग मारलाय, म्हणजे ओरखडासुद्धा असू शकतो. ४००च्या वर पुट्टी आहे असं धरा, आणि आकडा हजारापार गेला तर त्या जागी पत्रा चांगलाच आत गेला होता. एकाच दरवाज्यावर १२० आणि हातभर अंतरावर ६०० आलं तर मार नेमका तिथेच होता.

मीटर दोन ठिकाणी फसवतो. प्लास्टिकवर साधा मीटर रीडिंग देत नाही, आणि बदललेला नवा फेंडर अगदी कारखान्यासारखा आकडा दाखवू शकतो. म्हणून मीटरसोबत बोल्ट बघायचेच (प्रश्न ४).

६. एअरबॅग उघडून गेली होती का, आणि परत बसवली का, हे कसं कळेल?

इग्निशन चालू करा, इंजिन नको. मीटरमधला एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. लागूनच राहिला तर बिघाड आहे. अजिबात लागलाच नाही तर त्याहून वाईट: दिवा मुद्दाम बंद केलेला असू शकतो. तो बॅटरीच्या किंवा दुसऱ्या दिव्याला जोडून ठेवल्याचेही प्रकार होतात, म्हणून तो इतरांपासून वेगळा, स्वतःच्या वेळेने विझतो का, हे नीट बघा.

मग सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. बेल्टच्या तळाशी शिवलेल्या लेबलवर बनवल्याची तारीख असते. ती गाडीच्या महिन्यापेक्षा नंतरची असेल तर बेल्ट बदललाय, आणि बेल्ट बहुधा मोठ्या धडकेतच बदलतात. बेल्ट अडकत असेल किंवा सोडल्यावर परत गुंडाळला जात नसेल, तर धडकेत सुटलेला प्रीटेन्शनर (बेल्ट झटक्यात आवळणारा भाग) तसाच ठेवलेला असू शकतो.

खात्री हवी तर स्कॅनर लावा. बाजारातली स्वस्त ओबीडी पिन (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारी) साधारणपणे इंजिनचेच कोड वाचते. एअरबॅगचा विभाग वाचणारा स्कॅनर त्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये किंवा चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे मिळतो.

चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या सीटची १ जानेवारी २०२२ पासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची आहे. त्यानंतरच्या गाडीत स्टिअरिंगचं किंवा डॅशबोर्डचं झाकण वेगळ्या छटेचं दिसलं, तर आत एअरबॅग आहेच असं गृहीत धरू नका. नुसतं झाकण बसवून गाडी विकली जाते. तुमच्या घरची माणसं त्या सीटवर बसणार आहेत, त्यामुळे इथे संशय फिटेपर्यंत पैसे देऊ नका.

७. चालवताना कोणती लक्षणं दिसतात?

पाम बीच रोडसारखा सरळ, गुळगुळीत रस्ता सकाळी लवकर गाठा. वेगमर्यादेत राहून स्टिअरिंगवरची पकड क्षणभर हलकी करा. रस्त्याला डावीकडे थोडा उतार असतो, त्यामुळे गाडी हळूच डावीकडे गेली तर चालेल. उजवीकडे ओढत असेल किंवा ब्रेक मारताच एकीकडे झेपावत असेल तर नोंद करा. गाडी सरळ जाताना स्टिअरिंग वाकडं राहतं का, तेही बघा. सस्पेन्शनच्या आवाजासाठी मात्र घोडबंदरचा खडबडीत सर्व्हिस रोड बरा.

यानंतरचं काम महत्त्वाचं: गाडी व्हील अलाइनमेंटवाल्याकडे न्या आणि काम करण्याआधीची प्रिंट मागा. अनेक छोट्या गाड्यांत पुढचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि मागच्या चाकांचे कोन जुळवायची सोयच नसते, त्यामुळे ते बिघडलेले असतील तर काहीतरी वाकलेलं आहे. डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक आला तर कारण शोधा. नुसता स्ट्रट किंवा नकल (चाकाला धरणारे भाग) वाकला असेल तर तो बदलता येतो, टॉवर सरकला असेल तर सौदा सोडा. गाडी वर चढलेली असतानाच खालून टॉर्च मारून सगळं बघून घ्या.

८. कागदांवरून अपघात कळतो का?

कळतो, आणि सर्वांत बोलका कागद म्हणजे विम्याची पॉलिसी. तिच्यावरचा नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) बघा. क्लेम नसेल तर तो दरवर्षी २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा चढतो, आणि क्लेम घेतला की पुढच्या वर्षी शून्यावर येतो. समजा पहिल्या मालकाचीच, सहाव्या वर्षात चालू असलेली गाडी आहे आणि पॉलिसीवर बोनस २० टक्के आहे. याचा अर्थ मागचं वर्ष विनाक्लेम गेलं आणि त्याच्या आदल्या वर्षी क्लेम झाला. मग थेट विचारा, "त्या वर्षी काय झालं होतं?"

पण बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. आधीच्या गाडीचा ५० टक्के बोनस त्याने या गाडीवर आणलेला असू शकतो, बोनस वाचवणारं ॲड-ऑन घेतलेलं असू शकतं, किंवा काम रोख पैसे देऊन बाहेर केलेलं असू शकतं. उलट, पॉलिसी ९० दिवसांपेक्षा जास्त खंडित राहिली तरी बोनस जातो. म्हणून शेवटच्या तीन पॉलिसी मागा, आणि मालकाला त्याच्या ईमेलवरून विमा कंपनीकडे क्लेमचा तपशील मागायला सांगा. ही माहिती कंपनी पॉलिसीधारकालाच देते, तुम्हाला नाही.

एमपरिवहन ॲपवर गाडी कितव्या मालकाकडे आहे ते, कर्जाचा बोजा, विमा आणि पीयूसी यांची मुदत दिसते. अपघाताची नोंद तिथे मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

९. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत बॉडीचं कामच नाही. म्हणजे गाडी स्वच्छ ना?

तेवढ्यावरून नाही. वागळे इस्टेट किंवा तुर्भे एमआयडीसीतल्या बाहेरच्या गॅरेजमध्ये झालेलं काम त्या नोंदीत येत नाही. नोंदीतली पोकळी शोधा: दर दहा हजार किलोमीटरला नेमाने सर्व्हिस झालेली गाडी मध्येच आठ-दहा महिने गायब असेल, तर त्या काळात ती कुठे होती?

१०. टोटल लॉस झालेली गाडी दुरुस्त करून विकतात म्हणे. ती ओळखायची कशी?

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते. भंगार म्हणून विकलेली अशी गाडी कधी कधी पुन्हा उभी राहते. जुन्या गाडीची आयडीव्ही कमी असते, हेही लक्षात घ्या. दोन लाख आयडीव्हीची गाडी दीड लाखाच्या बिलातच टोटल लॉस होते, आणि दोन एअरबॅग, डॅशबोर्ड, हेडलाइट मिळून बिल तिथवर सहज पोचतं. त्यामुळे प्रत्येक टोटल लॉस गाडीचा सांगाडा मोडलेला असतोच असं नाही. तरी आमचा सल्ला दूर राहण्याचाच आहे.

खरा धोका वेगळा आहे. भंगारातल्या गाडीचं आरसी आणि नंबर चोरीच्या गाडीला चढवण्याचे गुन्हे घडतात. म्हणून पत्र्यावर ठोकलेला चॅसिस नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. अक्षरं वरखाली असतील, आसपास घासलेलं असेल किंवा तेवढा पत्र्याचा तुकडा वेल्ड केलेला वाटला, तर चर्चा तिथेच थांबवा.

११. अपघातात पोलीस केस झाली होती. मग?

जप्त केलेली गाडी कोर्ट मालकाला सुपूर्दनाम्यावर परत देतं. खटला चालू असताना गाडी विकणार नाही, तिच्यात बदल करणार नाही आणि सांगितल्यावर हजर करेन, अशा अटी त्यात सहसा असतात. अशी गाडी घेतलीत तर अडकाल. एफआयआरची प्रत, सुपूर्दनाम्याचा आदेश आणि खटला निकाली निघाल्याचा आदेश, हे तिन्ही मागा. मालकाच्या नावाने ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावरही शोध घ्या. खटला चालू असेल तर कोर्टाच्या लेखी परवानगीशिवाय पुढे जाऊ नका.

१२. पावसात बुडालेली गाडी हीसुद्धा अपघाताचीच समजायची का?

विम्यात क्लेम तसाच दिसतो (प्रश्न ८), तपासणी मात्र वेगळी. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या भागावर गाळाची रेघ आहे का बघा. सीटच्या रुळांवरचा गंज, कार्पेटखालची माती, फ्यूज बॉक्समधला पांढरट-हिरवट थर बघा. वायरिंगचे दोष पाणी ओसरल्यावर कित्येक महिन्यांनी सुरू होतात, म्हणून सीटच्या वर पाणी गेलेली गाडी घेऊ नका.

१३. सीएनजी गाडीला मागून धडक बसली होती. काही खास बघायचं?

हो. टाकी डिकीत, म्हणजे मार बसतो तिथेच असते. टाकीवर खोलगट खड्डा, ब्रॅकेटच्या बोल्टांची सरकलेली जागा आणि पाइपला पडलेली घडी बघा. हायड्रो टेस्ट (टाकीची दाबचाचणी) दर तीन वर्षांनी लागते. मुदत शिल्लक असली तरी अपघातानंतर ती पुन्हा झाल्याचा दाखला मागा. आरसीवर इंधनात सीएनजीची नोंद नसेल तर विम्याचा क्लेम अडतो.

१४. आणि इलेक्ट्रिक?

बॅटरी तळाशी असते. लिफ्टवर चढवून तिच्या आवरणावर घासल्याच्या किंवा दबल्याच्या खुणा बघा. खुणा असतील तर कंपनीच्या वर्कशॉपचा बॅटरी अहवाल आणि वॉरंटी चालू असल्याचं लेखी उत्तर मिळाल्याशिवाय भावाचं बोलूच नका. नारिंगी (उच्च दाबाच्या) वायरींना हात लावू नका.

१५. भाव किती कमी करून मागायचा?

त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या न ठोकलेल्या गाडीचा भाव आधी काढा. त्यातून उरलेल्या कामाचा खर्च (अलाइनमेंट, टायर, हेडलाइट, एअरबॅग) अंदाजपत्रकासह वजा करा. मग हीच गाडी तीन वर्षांनी तुम्ही विकाल तेव्हा समोरचा जे कापून मागेल, ते आत्ताच कापा. फक्त बोल्टवरचे भाग बदललेले असतील तर बिलं दाखवल्यावर थोडी घट पुरे. लेग किंवा एप्रनचं काम असेल तर एक चतुर्थांश भाव कमी होईपर्यंत आम्ही थांबू. एअरबॅग गायब असेल तर नव्या मूळ भागांचं पूर्ण बिल वजा करा.

१६. अशा गाडीला विमा मिळतो का?

मिळतो. पॉलिसी खंडित असेल तर कंपनी आधी गाडी तपासते, आणि तेव्हा दिसलेल्या जुन्या नुकसानीचे पैसे नंतर मिळत नाहीत. खरेदीनंतर १४ दिवसांत पॉलिसी तुमच्या नावावर करायचा अर्ज द्या. थर्ड पार्टी संरक्षण गाडीबरोबर येतं, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण पॉलिसी नावावर झाल्याशिवाय येत नाही. विक्रेत्याचा बोनस तुम्हाला लागू होत नाही. तो तसाच चालू ठेवला तर तुमचा पहिलाच क्लेम अडचणीत येतो.

१७. नावावर करायला काय लागतं?

फॉर्म २९ आणि ३०, विमा, पीयूसी, आरसी. कर्ज फिटलेलं असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. गाडी एमएच-०५ किंवा एमएच-४६ची असून तुमच्या एमएच-०४ किंवा एमएच-४३मध्ये आणायची असेल तर फॉर्म २८ची एनओसीही. नंबर तोच राहतो. राज्यातल्या राज्यात विक्रेत्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. थकलेली ई-चलनं आधी भरून घ्या.

१८. घेतल्यानंतर कळलं की गाडी मोठी ठोकलेली होती. पैसे परत मिळतील?

हे तुम्ही विक्रेत्याला काय आणि कसं विचारलं होतं, यावर बरंच अवलंबून आहे. करार कायद्यात नुसतं गप्प राहणं ही सहसा फसवणूक ठरत नाही, आणि साध्या चौकशीत जे कळलं असतं त्यावरून नंतर करार मोडता येणं अवघड असतं. पण थेट विचारल्यावर दिलेलं खोटं उत्तर वेगळं. म्हणून सौद्याआधी व्हॉट्सॲपवर हे तीन प्रश्न पाठवा: गाडीला अपघात झाला होता का, विम्याचा क्लेम घेतला होता का, एअरबॅग उघडली होती का. उत्तरं जपून ठेवा आणि तीच वाक्यं विक्रीच्या कागदावर त्याच्या सहीने घ्या.

विक्रेता डीलर असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. अर्ज ग्राहक आयोगांच्या ई-जागृती संकेतस्थळावर ऑनलाइन भरता येतो, आणि सल्ल्यासाठी १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. एकदाच स्वतःची गाडी विकणारा खासगी मालक ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाही, त्याच्यासाठी दिवाणी दावाच. जुन्या गाड्यांच्या डीलरला १ एप्रिल २०२३ पासून आरटीओचं अधिकारपत्र, म्हणजे फॉर्म २९बी, लागतं. टोकन देण्याआधी ते बघायला मागा आणि त्याचा फोटो काढा, म्हणजे तक्रार करायची वेळ आली तर कोणाच्या नावे करायची हे तुमच्या हातात असेल.